लिनक्स, लिनुक्स की लायनक्स?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची नावं, चिन्हं आणि उच्चार यांची गोष्ट

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत हा प्रसंग हमखास घडतो. सर फळ्यावर रोमन लिपीत एक नाव लिहितात आणि 'लायनक्स' म्हणतात. पहिल्या बाकावरची मुलगी उत्तर देताना 'लिनक्स' म्हणते. मागून कुणीतरी 'लिनुक्स' म्हणतं. नाव एक, लिहिलेली अक्षरंही तीच, तरी तोंडातून तीन वेगळे शब्द बाहेर पडतात. बरोबर कोणता, हे विचारायला मात्र सगळेच संकोचतात.

आता दुसरं कोडं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो असं सॉफ्टवेअर. फायरफॉक्स हा ब्राउझर असाच आहे. तरीही २००६ साली डेबिअन नावाच्या प्रकल्पाला फायरफॉक्सचं नाव आणि चिन्ह काढून टाकावं लागलं. आतला कोड जवळपास तोच राहिला, बाहेर नाव लागलं 'आइसवीझल'. सगळं मोकळं असताना नावच बांधलेलं का?

ही दोन्ही कोडी एकाच किल्लीने उघडतात. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांचा असतो, नाव मात्र कुणाच्या तरी घरातून आलेलं असतं. ते कोणत्या घरातून आलं हे कळलं, की त्याचा उच्चार, त्याचं चित्र आणि त्याच्यावरचा हक्क, तिन्हींचा उलगडा होतो.

नाव आधी डोळ्यांना भेटतं

माणसाचं नाव आपण आधी कानाने ऐकतो आणि मग लिहायला शिकतो. सॉफ्टवेअरचं याच्या उलट असतं. त्याचं नाव आधी पडद्यावर दिसतं, आपण ते उतरवून घेतो, महिनोन्महिने वापरतो आणि कधीतरी चारचौघांत पहिल्यांदा उच्चारतो. ज्याने नाव ठेवलं त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचलेलाच नसतो. रोमन लिपीत एका अक्षराला एकच ध्वनी बांधलेला नसल्यामुळे प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या शब्दांवरून अंदाज बांधतो.

ठाणे स्टेशनवरची पाटी आठवा. देवनागरीत 'ठाणे' वाचताना कुणाचीही चूक होत नाही. पण परदेशातून आलेला पाहुणा शेजारची रोमन अक्षरं वाचतो आणि सहज 'थेन' म्हणून जातो. त्याचा दोष नाही. लिपीने त्याला पुरेशी माहितीच दिलेली नसते.

लिनक्सचं नेमकं हेच झालं. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स याने एका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला. संगणकाचे सगळे भाग आणि सगळे प्रोग्राम यांच्यात कारभाऱ्याचं काम करणारा हा गाभा. लिनसला स्वतःचं नाव त्याला द्यायचं नव्हतं, तो मिरवण्याचा प्रकार वाटेल असं त्याला वाटत होतं. त्याच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होतं. पण हे काम ज्या सर्व्हरवर लोकांसाठी ठेवलं गेलं, तो सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते नाव रुचलं नाही. त्यांनी फाइलींच्या कप्प्याला 'लिनक्स' असं नाव देऊन टाकलं आणि तेच रूढ झालं.

आता उच्चार. टॉरवाल्ड्स कुटुंब फिनलंडमधलं असलं तरी स्वीडिश बोलणारं. स्वीडिशमध्ये 'लिनस' या नावात 'आय' अक्षराचा ध्वनी 'इ'च्या घरातला असतो. अमेरिकेत तेच नाव 'लायनस' होतं. ज्यांनी नावाचा अमेरिकन उच्चार धरला त्यांनी 'लायनक्स' म्हटलं. लोकांचा गोंधळ पाहून टॉरवाल्ड्सने स्वतःच्या आवाजात एक छोटी ध्वनिफीत करून ठेवली आणि लिहूनही खुलासा केला: पहिला स्वर ऱ्हस्व 'इ', दुसरा 'पुट' या इंग्रजी शब्दातल्यासारखा ऱ्हस्व 'उ'. हा खुलासा समजावून सांगायला इंग्रजीला उदाहरणांची मदत घ्यावी लागते. देवनागरीत तो एका शब्दात मावतो: लिनुक्स. मराठीत रुळलेलं 'लिनक्स' त्याच्या अगदी जवळचं आहे. 'लायनक्स' मात्र मूळ घरापासून लांब गेलेलं आहे.

सुटी अक्षरं की जोडलेला शब्द?

दुसरा मोठा गोंधळ आद्याक्षरांच्या नावांचा. आपण 'एसटी' आणि 'एमपीएससी' ही अक्षरं सुटी म्हणतो, पण 'सिडको' आणि 'म्हाडा' हे अख्खे शब्द करून टाकतो. कारण उघड आहे. मध्ये स्वर आले की जीभ शब्द बनवते, नुसती व्यंजनं आली की अक्षरं मोजत जाते. सॉफ्टवेअरच्या नावांनाही हाच नियम लागतो, पण काही नावं नेमकी उंबरठ्यावर उभी असतात.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची जी भाषा आहे, तिचं नाव एस-क्यू-एल. पुष्कळ लोक तिला 'सीक्वेल' म्हणतात आणि त्यामागे इतिहास आहे. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये ती तयार झाली तेव्हा तिचं नाव खरोखरच 'सीक्वेल' होतं. ते नाव ब्रिटनमधल्या एका विमान कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं. म्हणून मधले स्वर गाळून नाव आखूड केलं गेलं. कागदावरचं नाव बदललं, जुन्या लोकांच्या तोंडातला उच्चार तसाच राहिला. म्हणूनच 'मायएसक्यूएल' या डेटाबेसच्या कर्त्यांना सांगावं लागलं, की अधिकृत उच्चार 'माय-एस-क्यू-एल' आहे, पण कुणी 'माय-सीक्वेल' म्हटलं तरी चालेल.

त्याचा भाऊबंद शोभणारा दुसरा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी आधी 'इंग्रेस' नावाचा डेटाबेस केला होता. १९८६ साली त्याच्या पुढचा प्रकल्प सुरू झाला, म्हणून नाव आलं 'पोस्ट-इंग्रेस', म्हणजे पोस्टग्रेस. १९९६ मध्ये त्याला एस-क्यू-एलची शेपटी जोडली गेली. 'ग्रेस'चा शेवटचा 'स' आणि एस-क्यू-एलचा पहिला 'एस' लिहिताना एकच झाले. त्यामुळे नाव कुठे तोडायचं हेच वाचणाऱ्याला कळेना. उच्चार करायचा 'पोस्ट-ग्रेस-क्यू-एल': अर्धा शब्द आणि अर्धी अक्षरं. रोजच्या बोलण्यात 'पोस्टग्रेस' पुरतं.

काही नावांत आद्याक्षरांचा मुद्दाम खेळ केलेला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सगळ्यांना मोकळेपणाने वापरता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याची घोषणा केली. ती युनिक्स या आधीपासूनच्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी चालणार होती, पण युनिक्सचा कोड तिच्यात नसणार होता. तिचं नाव 'ग्नू'. त्याची फोड होते 'ग्नू इज नॉट युनिक्स', ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे. पण या फोडीतल्या 'ग्नू'चा अर्थ काय? पुन्हा तेच वाक्य. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांत प्रतिमा संपत नाही, तसं हे नाव संपत नाही. ग्नू हा आफ्रिकेतला एक प्राणीही आहे आणि त्याचंच डोकं या प्रकल्पाचं चिन्ह आहे. इंग्रजीत त्या प्राण्याच्या नावातला 'ग' गिळून 'नू' म्हणतात. प्रकल्पाचं नाव घेताना मात्र 'ग' स्पष्ट उच्चारायचा, असं स्टॉलमन यांनी सांगितलेलं आहे. 'ज्ञान' आणि 'यज्ञ' म्हणणाऱ्या आपल्या जिभेला 'ग्नू' मुळीच जड जाऊ नये.

ग्रीक अक्षरांचा एक सुंदर दाखला डोनाल्ड क्नूथ यांचा. गणिताची पुस्तकं देखणी छापता यावीत म्हणून या अमेरिकन प्राध्यापकाने १९७८ च्या सुमारास एक अक्षरजुळणी प्रणाली लिहिली. नावात तीन अक्षरं आहेत आणि रोमन समजून वाचली तर ती 'टेक्स' वाटतात. पण ती आहेत ग्रीक: टाउ, एप्सिलॉन आणि खी. ग्रीकमध्ये कला आणि कौशल्य या अर्थाच्या शब्दाची ही सुरुवात आहे. शेवटचा ध्वनी घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारखा, म्हणून नाव 'टेख'च्या जवळ जातं. लिहिताना त्याचं मधलं अक्षर ओळीच्या किंचित खाली उतरवतात. ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे, हे त्या एका उतरत्या अक्षरातच दिसून येतं. इथे नाव हेच चिन्ह झालं आहे.

नावाचं माहेर

मोठ्या कंपन्या नाव ठेवण्यासाठी सल्लागार नेमतात. ओपन सोर्समध्ये नाव बहुतेक वेळा काम सुरू करणाऱ्याच्या घरातून, वाचनातून किंवा मायबोलीतून येतं.

१९९३ साली इयन मर्डॉक या तरुणाने लिनक्सवर आधारित एक संपूर्ण प्रणाली जुळवायला घेतली. आपलं 'इयन' आणि आपल्या मैत्रिणीचं 'डेब्रा' ही नावं जोडून त्याने 'डेबिअन' हे नाव केलं. मायएसक्यूएलमधलं 'माय' हे इंग्रजी 'माझं' नाही. ते त्याचे एक निर्माते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव आहे. याच डेटाबेसपासून पुढे निघालेल्या 'मारियाडीबी'ला त्यांच्या धाकट्या मुलीचं, मारियाचं नाव मिळालं. प्रचंड माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या 'हडूप'चं नाव डग कटिंग यांच्या लहान मुलाने आपल्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीला ठेवलं होतं. कोणत्याच भाषेत त्याला अर्थ नव्हता आणि तेच सोयीचं ठरलं, कारण ते आधी कुणी घेतलेलं नव्हतं.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरने १९८९ च्या नाताळात लिहायला घेतली. तो तेव्हा 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या संहिता वाचत होता. नाव तिथून आलं, अजगरावरून नव्हे. बोधचिन्हात मात्र एकमेकांत गुंतलेले दोन साप आले.

'उबुंटू' हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांतला. दुसऱ्याशी असलेल्या नात्यातून आपलं माणूसपण घडतं, असा त्याचा आशय. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली आपल्या प्रणालीला हे नाव दिलं. एकमेकांचे हात धरून वर्तुळात उभी असलेली तीन माणसं वरून पाहिली तर जशी दिसतील, तसं तिचं चिन्ह आहे. नावाचा अर्थच तिथे चित्र होऊन बसला आहे.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं वाटावं असं नाव 'जूमला'. २००५ साली 'मॅम्बो' या संकेतस्थळं बनवण्याच्या प्रणालीवर काम करणारे लोक वेगळे झाले आणि त्यांनी हे नाव घेतलं. स्वाहिली भाषेत 'जुमला' म्हणजे सगळे मिळून. स्वाहिलीने हा शब्द अरबीतून घेतला आणि मराठीतही तो पोचलेला आहे. आपल्या जुन्या हिशेबाच्या कागदांत 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज. पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि आपला किनारा एकाच समुद्राने जोडलेले आहेत, याची खूण संगणकाच्या पडद्यावर अशी अवचित भेटते.

एक पेंग्विन, तीन हत्ती

सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही. त्याला रंग, वास, वजन काही नाही. म्हणून त्याला एक चेहरा लागतो, आणि प्राण्याचा चेहरा सगळ्या देशांत, सगळ्या भाषांत वाचता येतो. शिवाय तो नखाएवढ्या जागेतही ओळखू यावा लागतो, कारण पडद्यावरच्या चिन्हाला तेवढीच जागा मिळते.

लिनक्सचा पेंग्विन १९९६ साली आला. टॉरवाल्ड्सला पेंग्विन आवडत आणि त्याला रागीट, ताकदवान पक्षी नको होता. पोटभर मासे खाऊन निवांत बसलेला गुबगुबीत पेंग्विन हवा होता. लॅरी यूइंग यांनी तो 'गिम्प' या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये काढला. पुढे त्याला 'टक्स' हे नाव मिळालं. आपल्याला आणि गिम्पला श्रेय द्या, मग चित्र हवं तसं वापरा आणि बदला, अशी परवानगी यूइंग यांनी दिली. त्यामुळे टक्स आज शेकडो वेशांत दिसतो.

हत्ती मात्र तीन आहेत आणि तिघांची कारणं वेगळी. पोस्टग्रेसचा हत्ती स्मरणशक्तीसाठी, कारण लक्षात ठेवणं हेच डेटाबेसचं काम. त्याला 'स्लोनिक' म्हणतात, रशियन भाषेत छोटा हत्ती. हडूपचा पिवळा हत्ती खेळण्यातून आला. पीएचपी या भाषेचा निळा हत्ती अक्षरांतून निघाला. व्हँसाँ पोंतिए या फ्रेंच चित्रकाराला ती तीन रोमन अक्षरं बाजूने पाहताना त्यांत हत्तीची आकृती दिसली.

व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामचा नारिंगी शंकू तुम्ही नक्की पाहिला असेल. रस्त्याच्या कामावर ठेवतात तो. हा प्रकल्प पॅरिसजवळच्या एकोल सेंट्राल या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्यांच्या संगणक-जाळ्याच्या मंडळाकडे असे शंकू जमलेले होते, त्यातलाच एक चिन्हावर जाऊन बसला. व्हिडिओशी त्याचा काही संबंध नाही. तरीही पडद्यावरचा शंकू पाहिला की आज जगभर लोकांना व्हीएलसीच आठवतं. चिन्हाने वस्तूचं वर्णन करायला हवंच असं नाही. त्याने फक्त वेगळं असावं आणि बदलू नये.

कृती मोकळी, पाटी राखीव

आता आइसवीझलच्या कोड्याकडे वळू. इथे दोन कायदे वेगवेगळे काम करतात. कोडवर प्रताधिकार असतो आणि ओपन सोर्सचा परवाना तो सगळ्यांसाठी मोकळा करतो. नाव आणि चिन्ह यांच्यावर ट्रेडमार्क असतो, म्हणजे व्यापारचिन्हाचा हक्क. तो या परवान्याने मोकळा होतोच असं नाही.

समजा, गावात एका आजींच्या पुरणपोळ्यांची ख्याती आहे. आजींनी आपली कृती सगळ्यांना देऊन टाकली. आता कुणीही त्या कृतीने पोळ्या करून विकाव्यात, तिच्यात फेरफारही करावेत. पण आपल्या दुकानावर आजींच्या नावाची पाटी लावता येणार नाही. कारण पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक कृतीवर नव्हे, आजींच्या हातावर विश्वास टाकून आलेलं असतं. पोळी बिघडली तर बोल आजींना लागेल.

फायरफॉक्सच्या बाबतीत हेच झालं. डेबिअनचे लोक कोडमध्ये आपल्या गरजेप्रमाणे दुरुस्त्या करत होते. शिवाय फायरफॉक्सचं चिन्ह मुक्त परवान्याखाली नव्हतं, म्हणून ते न लावता नुसतं नाव वापरत होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं असं, की नाव वापरायचं तर चिन्हही लावा आणि बदल आम्हाला दाखवून घ्या. दोघांचीही बाजू रास्त होती. डेबिअनने नवं नाव घेतलं आणि २०१६ साली समेट होऊन मूळ नाव परतलं. विशेष म्हणजे फायरफॉक्सलाही आपलं नाव सहज मिळालेलं नव्हतं. २००२ मध्ये तो 'फिनिक्स' होता, २००३ मध्ये 'फायरबर्ड' झाला. दोन्ही नावं आधीच कुणाची तरी होती. फेब्रुवारी २००४ मध्ये तिसरं नाव ठरलं. 'फायरफॉक्स' हे लाल पांडाचं एक नाव आहे, पण चिन्हात कोल्हा आला.

भाऊ वेगळे निघाले की दुकानाची पाटी एकाकडेच राहते. ओपन सोर्समध्ये अशा वेगळं निघण्याला 'फोर्क' म्हणतात, म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. २०१० साली 'ओपनऑफिस'वर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी वाट धरली. कोड त्यांना नेता आला, नाव ओरॅकल कंपनीकडे राहिलं. म्हणून 'लिब्रेऑफिस' हे नाव जन्माला आलं.

नाव नोंदवलं नाही तर काय होतं, हेही लिनक्सने अनुभवलं. अमेरिकेत एका तिऱ्हाइताने 'लिनक्स' हा शब्द स्वतःच्या नावावर नोंदवला होता. तो सोडवायला कायद्याची लढाई लढावी लागली आणि १९९७ मध्ये हक्क टॉरवाल्ड्सकडे आला. म्हणजे नाव राखीव ठेवणं हा मोकळेपणाला विरोध नाही. मोकळ्या वस्तूची ओळख शाबूत ठेवण्याचा तो मार्ग आहे.

चौकट: उच्चार कसा करायचा? (लेखात न आलेली काही ओपन सोर्स नावंही यात आहेत)

- लिनुक्स किंवा लिनक्स: 'लायनक्स' नव्हे
- ग्नू: 'ग' स्पष्ट, एका दमात
- गिट, गिम्प: सुरुवातीला 'ग', 'ज' नव्हे
- ग-नोम: ग्नूच्या घराण्यातलं म्हणून 'ग'सकट, 'नोम'ही खूप चालतं
- माय-एस-क्यू-एल: 'माय-सीक्वेल' चालतं
- पोस्ट-ग्रेस-क्यू-एल: थोडक्यात 'पोस्टग्रेस'
- इंजिन-एक्स: नाव लिहिताना सुरुवातीचा स्वर गाळलेला आहे
- टेख: शेवटी घासणारा 'ख'
- डेबिअन: डेब्रा आणि इयन
- उ-बुन्-टू: जोर मधल्या अक्षरावर
- कू-बर-ने-टीस: ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, म्हणून चिन्हात जहाजाचं चाक

आपल्या लिपीची मदत

उच्चार चुकला म्हणून कुणाला हसू नये. जो शब्द वाचून शिकला, तो कष्टाने शिकला. पण एवढी नेमकी लिपी हाताशी असताना गोंधळ पुढच्या पिढीकडे तसाच सोपवणंही बरं नाही. शिक्षकांनी फळ्यावर रोमन नावाखाली देवनागरीत उच्चार लिहावा. मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांनी नाव पहिल्यांदा येईल तिथे त्याच्या कर्त्याचा उच्चार शोधून तो वापरावा. बहुतेक प्रकल्पांनी तो स्वतःच सांगून ठेवलेला असतो.

आणि एखादं सॉफ्टवेअर तुमच्या हातून घडलं, तर त्याला आपल्या भाषेतलं नाव द्यायला कचरू नका. रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांसाठी मोकळे केलेले फॉन्ट 'लोहित' या नावाने ओळखले जातात आणि संस्कृतात लोहित म्हणजे लाल. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'मुक्ता' हा फॉन्टही ओपन सोर्स आहे. झुलू, स्वाहिली आणि ग्रीक शब्द जगभरच्या संगणकांवर रुळले, तसा मराठी शब्दही रुळेल. फक्त नाव ठेवताना त्याचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवा, म्हणजे तो जगाला विचारावा लागणार नाही.